मुरलेला कागद

नणंद रविवारी भर दुपारी आली ती तणतणतच. चपला दारात भिरकावल्या, "ये, बस" म्हणणाऱ्या भावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन टेबलावर एक प्लास्टिकची पिशवी आपटली.

"हे घे वहिनी. तुझं विरघळणारं!"

पिशवीत काय होतं ते सांगायलाच हवं, मग कुणी नाक मुरडो. दोन मुठींत मावणार नाही एवढा कागदाचा ओला बोळा होता. नणंदेने तो साबणाने तीन वेळा धुऊन आणला होता, तरी जो वास यायचा तो येतच होता. आणि वास परवडला, पण बोळा सोडवायला घेतला तर आतून एकेक अख्खा कागद निघत होता. अख्खा! बाहेरची गोल कड जशीच्या तशी, मधलं भोक जसंच्या तसं.

वहिनी कागदाच्या कारखान्यात कामाला. तिथे तिला सगळे चाचणीवाली म्हणत, आपणही तेच म्हणू. तिने बोळा पाहिला आणि ठाम मान हलवली.

"वन्सं, हा आमचा कागद नाही."

"कशावरून?"

"आमचा असता तर तुम्हाला दिसलाच नसता."

हे ती तोऱ्यात म्हणाली, आणि तोरा असण्यासारखं तिने केलंही होतं. सार्वजनिक शौचालयात कमोडच्या सीटवर अंथरायचा तो कागद. बसण्याआधी अंथरायचा, उठल्यावर तसाच पाण्यात सोडून द्यायचा. त्याला हात लावायला नको की टाकायला डबा शोधायला नको. तीन वर्षं ती त्याच्यामागे हात धुऊन लागली होती. बायका बाहेर गेल्या की सीटला अंग लागू नये म्हणून गुडघे वाकवून अधांतरी बसतात, दिवस गेलेल्या बायकासुद्धा, सत्तरीच्या म्हाताऱ्यासुद्धा, आणि या गोष्टीचा तिला मनस्वी संताप होता. बाईमाणसाने दोन मिनिटं निवांत टेकावं, एवढंच तिला हवं होतं.

कागद मोठा आडमुठा निघाला. ओल्या सीटवर ठेवला की फाटता कामा नये आणि पाण्यात पडला की टिकता कामा नये. म्हणजे आता सांगा! ओला कागद फाटू नये म्हणून लगद्यात घालायची राळ कधी जास्त पडायची, कधी कमी, कधी कागद एवढा जाड व्हायचा की त्यावर पत्र लिहावं. शेवटी जमलं. पाण्याच्या बरणीत टाकून ढवळलं की चाळीस आकडे मोजेपर्यंत कागदाचा मागमूस राहत नव्हता. कारखान्याने प्रत्येक खोक्यावर छापलं, "बिनधास्त पाण्यात सोडा", आणि त्याखाली बारीक अक्षरात, चाचणी करणाऱ्या व्यक्तीची सही. सही तिची. पहिलं खोकं तिने घरी आणून नवऱ्याला दाखवलं होतं, आणि नणंदेला तर दोनदा.

नणंद बसस्थानकावरच्या बायकांच्या शौचालयात सफाईला होती, एकोणीस वर्षं. कारखान्याने पहिल्यांदा कागद लावायला जागा शोधली तेव्हा चाचणीवालीनेच त्या स्थानकाचं नाव सुचवलं. "वन्सं, तुमचं काम निम्मं होईल बघा," असं वर सांगितलं. ते काम चार महिन्यांत दुप्पट झालं. आधी महिन्यातून एकदा संडासाचा पाइप तुंबायचा, मग आठवड्याला, आता दिवसाआड.

"तू म्हणतेस ना तुझा नाही?" नणंदेने पदर खोचला. "पातेलं काढ. कर तुझी ती चाचणी."

चाचणीवालीने पातेलंभर पाणी घेतलं. सवयीने तिच्या पर्समध्ये एखादा ताजा नमुना असायचाच, कारखान्यातली सकाळची पाळी करून येताना तिने उचलला होता. तो टाकला, डावाने ढवळायला लागली, मोठ्याने आकडे मोजले. अडतीसला पाणी नुसतं दुधट झालं. तिने डाव उचलून निथळून दाखवला. त्यावर कागदाचा कणसुद्धा नव्हता.

"झकास," नणंद म्हणाली. "आता माझा."

तिने खांद्यावरच्या थैलीतून खोकं काढलं. स्थानकाच्या कोठीतलं, कोरं, सील न फोडलेलं. सील फोडून वरचा कागद तिने दुसऱ्या पातेल्यात सोडला आणि हाताची घडी घालून उभी राहिली.

चाळीस झाले. शंभर झाले. दोनशे झाले, तीनशे झाले. कागद पातेल्यात आपला गोल गोल फिरत होता, मजेत. चाचणीवालीने डाव या हातातून त्या हातात घेतला.

"दुखला हात?" नणंदेने विचारलं. "माझाही दुखतो."

"नकली माल आहे," चाचणीवाली म्हणाली. तिने खोकं उलटं करून पाहिलं. सही तिचीच होती. तारीख पाच आठवड्यांपूर्वीची होती, आणि त्या तारखेला त्या रिळाचा नमुना तिने स्वतः तपासला होता. चाळिसाच्या आत विरघळला होता, आईशप्पथ!

मग नणंद खुर्चीवर बसली आणि खरं दुखणं बाहेर आलं. सफाईच्या ठेकेदाराने वर कळवलं होतं की सफाईवाली बाई कचरा झाडून पाइपात ढकलते, म्हणून तुंबतं. शुक्रवारी चौकशी होती. दोष पदरात पडला की कामावरून काढणार, आणि कागदावर लिहिणार, निष्काळजी. एकदा तसं लिहिलं की या गावात कुठल्याही दवाखान्यात, शाळेत, कचेरीत तिला कुणी उभं करणार नव्हतं.

"एकोणीस वर्षं, वहिनी. एकोणीस वर्षं मी लोकांची घाण काढतेय आणि एक दिवस मला कुणी निष्काळजी म्हटलं नव्हतं. तुझा कागद आला आणि म्हणाले." तिने उजवा हात पुढे केला. बोटांच्या बेचक्यांत फोड होते, दोन फुटून चिघळले होते. चाचणीवालीला बघवेना.

नवरा दाराशी येऊन डोकावला. "हे तुमचं नणंद-भावजयीचं तुम्हीच निस्तरा," असं म्हणून गेला. बरं आहे! बहीण याची, बायको याची, आणि निस्तरायचं मात्र त्यांनी.

सोमवारी चाचणीवाली कारखान्यात गेली ती पर्स न ठेवता थेट लगद्याच्या हौदाकडे. तिथे लगदेवाले काका होते, तीस वर्षं लगदा आणि राळ कालवणारे.

"काका, राळ कुणी वाढवली?"

"कुणी नाही."

"मग माझा पाच आठवड्यांपूर्वीचा कागद विरघळत का नाही?"

काकांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिला कानशिलात बसल्यासारखं झालं. "अगं, राळ आहे ती. यंत्रावरून उतरली म्हणजे संपली का? ती आत महिनाभर धरतच जाते. कागद मुरतो. तू तपासतेस तो ऊन ऊन कागद. तो काय, कसाही विरघळेल. मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"पहिल्याच वर्षी. तू म्हणालीस, काका, तुम्ही लगदा बघा, कागदाचं मी बघते."

म्हणाली होती. अगदी याच शब्दांत, याच जागी, आणि वर हसलीही होती. तिला लाज वाटली ती वाटलीच, पण लाजेपेक्षा चीड जास्त आली, आणि ती कुणावर काढावी ते कळेना. आजचं काम आजच, हा तिचा बाणा. नमुना हातात आला की तासाभरात तपासून मोकळी. तिच्याकडे आजवर एक नमुना शिळा झाला नव्हता, यावर तिला दोनदा शाबासकी मिळाली होती. आणि नेमका शिळा कागदच बायका वापरतात! खोक्यात भरून, गाडीत चढून, कोठीत पडून राहून मगच तो सीटवर येतो. हे शेंबड्या पोराला कळलं असतं, पण तिला तीन वर्षं कळलं नव्हतं.

तिच्याच खोलीत एक कपाट होतं. प्रत्येक रिळाचा एक कागद तारीख घालून त्यात ठेवायचा असा नियम होता, आणि तो पाळलाही जात होता. ठेवलेला कागद कुणी काढून पाहायचा असा नियम नव्हता, म्हणून कुणी पाहिला नव्हता. तिने कपाट उघडलं. आजचा कागद अडतीसला गेला. आठ दिवसांचा गेला तेव्हा ती दीडशेवर पोचली होती. तीन आठवड्यांचा कागद तिने बरणीत टाकला, बरणीच्या तळाचं ढवळायचं पातं चालू केलं, जाऊन डबा खाल्ला, हात धुऊन परत आली. कागद अख्खाच्या अख्खा तिथेच फिरत होता.

कारखान्याच्या साहेबांकडे ती हे आकडे लिहिलेली वही घेऊन गेली. हे साहेब सदा हसरे. माणसाला कामावरून काढतानाही त्यांचे दात दिसायचे. त्यांनी वही पाहिली, मिटली, आणि तिच्याकडे सरकवली.

"नियमात काय लिहिलंय? नमुना यंत्रावरून उतरल्यापासून चोवीस तासांत तपासावा. तुम्ही तपासलात?"

"तपासला. पण साहेब, बायका तो पाचव्या आठवड्यात वापरतात."

"तो बायकांचा प्रश्न झाला."

चाचणीवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलली नाही. का बोलली नाही ते तिलाच विचारा, ती आजही धड सांगू शकत नाही.

"शुक्रवारी स्थानकातल्या चौकशीला तुम्ही माझ्याबरोबर या," साहेब म्हणाले. "सकाळचं ताजं पाकीट घ्या, बरणी घ्या, सगळ्यांसमोर विरघळवून दाखवा. पुढे आणखी चाळीस स्थानकं कागद घ्यायला बसलीत. आणि ती सफाईवाली तुमची नणंद आहे म्हणे? मग तर सोन्याहून पिवळं. घरचं माणूस आहे, समजवा. चूक कबूल करून सही दिली तर ठेकेदार काढणार नाही, दुसरीकडे टाकेल."

"तिची चूक नाहीये साहेब."

"मग कुणाची?" साहेबांनी आणखी दात दाखवले. "खोक्यावर सही कुणाची आहे, बाई? माझी नाही."

गुरुवारी ती नणंदेकडे गेली. राळ, कपाट, साहेब, सगळं सांगितलं. वाटलं, नणंद ओरडेल. नणंद हाताला मलम लावत बसली होती, ती बसूनच राहिली.

"उद्या मी एक अक्षर बोलणार नाही," ती म्हणाली. "मी बोलले तर सफाईवाली बोंबलली म्हणतील. तू बोललीस तर चाचणी बोलली. तेव्हा तुझं तू ठरव."

चौकशी स्थानकाच्या कचेरीत होती, शौचालयाच्या बरोबर वरच्या मजल्यावर. अधिकारी बाई टेबलामागे, एका बाजूला ठेकेदार, दुसऱ्या बाजूला हसरे साहेब. चाचणीवालीलाही खुर्ची दिली. नणंद दाराजवळ उभी होती, कारण तिला बसा म्हणायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. टेबलावर बरणी मांडून ठेवली होती आणि शेजारी सकाळचं पाकीट.

"दाखवा, बाई," साहेब म्हणाले.

आणि तिने दाखवलं! हो, दाखवलं. हातांना सवय होती, हात आपोआप चालले. कागद टाकला, काचेच्या दांडीने ढवळला, अडतीस म्हणता पाणी दुधट झालं. अधिकारी बाई "अरे वा!" म्हणाल्या. ठेकेदाराने साहेबांकडे पाहून मान डोलावली. अधिकारी बाईंनी लिहायला घेतलं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, कागदात दोष आढळला नाही. मग ठेकेदाराने खिशातून तयार मजकूर काढला, त्यावर पेन ठेवलं आणि नणंदेला बोट वाकवून बोलावलं. नोकराला बोलावतात तसं. माझ्या निष्काळजीपणामुळे, अशी त्याची सुरुवात होती.

नणंद आली. पेन उजव्या हातात धरता येईना, म्हणून तिने ते डाव्या हातात घेतलं. वहिनीकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं, दोन शिव्या घातल्या असत्या, तर चाचणीवाली कदाचित मूग गिळून बसून राहिली असती. पण ती न बघता वाकली आणि सही कुठे करायची ते शोधायला लागली.

"थांबा!" चाचणीवाली ओरडली. एवढ्या जोरात की खालच्या रांगेतल्या बायकांनी वर पाहिलं. "वन्सं, ते पेन खाली ठेवा. कुणी हलू नका. मी आलेच."

"बाई, बसा," साहेब म्हणाले.

"तुम्हीच बसा!"

ती दोन-दोन पायऱ्या उतरून कोठीत गेली, हाताला आलं ते खोकं उचललं आणि धापा टाकत वर आली. महिन्यापूर्वीची तारीख अधिकारी बाईंना दाखवली, सील त्यांच्याच हातून फोडून घेतलं, बरणीतलं पाणी खिडकीतून ओतून नवं भरलं, आणि कागद टाकला. पन्नासपर्यंत स्वतः ढवळलं. मग दांडी अधिकारी बाईंच्या हातात दिली. त्यांनी ढवळलं. मग ठेकेदाराच्या हातात दिली.

"मी कशाला?"

"ढवळा! चार महिने ही बाई तुमच्यासाठी हात घालतेय, तुम्ही पाच मिनिटं दांडी फिरवा."

तो फिरवत राहिला. मानेवर घाम आला, कॉलर भिजली, कागद काही हटेना. शेवटी चाचणीवालीने बरणीत हात घातला, कागद बाहेर काढला आणि निथळत होता तसाच साहेबांच्या पुढ्यात टेबलावर पसरला. गोल कड, मधलं भोक, सगळं शाबूत.

"टेका, साहेब. निवांत टेका. फाटायचा नाही."

साहेबांचं हसू गेलं. पहिल्यांदाच गेलं, आणि खालचा चेहरा काही फार बघण्यासारखा नव्हता.

मग तिने सगळं सांगितलं. राळेचं सांगितलं, कपाटाचं सांगितलं, आणि काकांनी पहिल्याच वर्षी सांगितलं होतं तेही सांगितलं. "मी ताजा कागद तपासला आणि शिळ्यावर सही केली. ही बाई निष्काळजी नाही. निष्काळजी मी आहे. लिहून घ्या, मी खाली सही करते, सही करायची मला सवय आहे."

अधिकारी बाईंनी आधीचं पान खोडलं आणि लिहून घेतलं. ठेकेदाराचा मजकूर त्यांनी स्वतः फाडला. खोकी आजच उचला, असं त्यांनी साहेबांना बजावलं. साहेब उठताना चाचणीवालीच्या कानाशी म्हणाले, "सोमवारपासून येण्याची तसदी घेऊ नका." तिलाही दुसरं काही अपेक्षित नव्हतं.

ती खोलीबाहेर आली तेव्हा छाती हलकी झाली होती. केलं एकदाचं! जिन्याच्या तोंडाशी नणंद उभी होती. आता ही गळ्यात पडेल, रडेल, वहिनी म्हणेल, असं चाचणीवालीला वाटलं. का वाटू नये? नोकरी घालवून आली होती ती.

नणंदेने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आधी ढवळून दाखवलंस," ती म्हणाली. "मी सही करायला वाकेपर्यंत गप्प बसलीस."

"वन्सं..."

"आणि आता मोकळी झालीस, होय ना? तोंडाने कबूल केलं, सुटलीस. तीन नंबर सकाळपासून तुंबलाय, वहिनी. खाली रांग बघ."

खाली रांग खरंच जिन्यापर्यंत आली होती. एक बाई कडेवर पोर घेऊन, एक काठी टेकून, दोघी-तिघी नुसत्या चुळबुळत. नणंदेने कोपऱ्यातली बादली उचलून वहिनीच्या हातात दिली आणि पुढे चालू लागली. चाचणीवाली मागोमाग गेली. जाणार कुठे?

तीन नंबरचं दार लावून नणंदेने तिला कोपरापर्यंत लांब रबरी मोजा दिला. एकच. "दुसरा फाटलाय. चार महिने मागतेय. घाल हात."

चाचणीवाली गुडघ्यांवर बसली. वासाने डोळ्यांना पाणी सुटलं. तिने हात मनगटापर्यंत घातला, मग कोपरापर्यंत. आत बोटांना कागद लागला, एकावर एक बसलेला, घट्ट, चिवट. तिने चिमटीत धरून ओढला. तुटेना. आणखी जोराने ओढला, दात-ओठ खाऊन ओढला, साहेबांना आणि नियमाला आणि स्वतःला सगळ्यांना मिळून एक घाणेरडी शिवी हासडली, तेव्हा कुठे एक कागद सळसळत बाहेर आला. अख्खा. त्याच्यामागे दुसरा आला. कितीतरी कागद तिने आजवर तपासले होते, पण असा हातात कधी धरला नव्हता. ती रडायलाच लागली, रागाने.

बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं, "बाई, किती वेळ अजून?"

"होतंय, होतंय," नणंद बाहेरच्या बाईला म्हणाली. मग बादली चाचणीवालीजवळ सरकवली. "ओढ वहिनी. आत अजून बरंच आहे."